दोन क्रोमियम

शेफिल्डमध्ये, वॉकलीच्या चढावर
वरच्या खोलीचं भाडं मी देते
आणि खाली डोरीन स्टॅनिफोर्थ, वय सत्त्याऐंशी,
मी घासलेले चमचे उजेडाला धरून
नापास करते.

पंधराव्या वर्षापासून ती कारखान्यात.
अंगाला ब्राउन पेपर गुंडाळायचा, डोक्याला लाल फडकं,
आणि फिरत्या चाकावर चमचे धरायचे
दाताखाली वाळू येईस्तोवर.
"स्टीलला डाग पडत नाहीत," ती म्हणते, "क्रोमियममुळे.
आम्हाला पडायचे."

मी काय करते ते एकदा सांगितलं:
दोन अणू. क्रोमियमचेच. फक्त दोन.
ते एकमेकांना धरतात की नाही, एवढं पाहायचं.
"आणि यावर पगार देतात?"
देतात. दोन वर्षं. त्यातले सतरा महिने गेले.

प्रत्येकाकडे सहा एकटे इलेक्ट्रॉन.
सोपी पद्धत प्रत्येकाला
उरलेल्या अकरांची सरासरी सांगते,
जनगणनेचा तक्ता वाचून कुणी गावात नांदायला यावं तसं.
उत्तर येतं: धरत नाहीत. सुटे बरे.
प्रयोगशाळेत मात्र ते केव्हाचे धरून बसलेत,
घट्ट.

म्हणजे सरासरीत जे मावत नाही
तेच इथे सगळं काही.
बारा जण, बारा जागा, तर मांडण्या
आठ लाख त्रेपन्न हजार सातशे शहात्तर
आणि त्यातली एकही एकटी खरी नाही.
अठ्ठावीस जण नि बेचाळीस जागा घेतल्या
की परार्ध मागे पडतो.

म्हणून मी पंगत मांडते.
जागा सगळ्या एका ओळीत; शेजाऱ्यानं शेजाऱ्याला निरोप द्यायचा,
कामाचा तेवढा ठेवायचा, बाकीचा गाळायचा,
टोकाला जाऊन परत यायचं.
दर फेरीला ऊर्जा थोडी खाली.
फेब्रुवारीत ती अडली. तीन आठवडे
हलेना. बाहेर गारठा, आत पंख्यांची घरघर,
प्राध्यापक ऑल्डविन इमेलमध्ये फक्त प्रश्नचिन्ह पाठवायचे.

त्या रात्री डोरीन रताळी सोलत होती, बोलत होती.
एका शाफ्टवर बारा जणी. नवीन मुकादम आला,
त्यानं मुलींना उंचीप्रमाणे उभं केलं,
साहेबांना दिसायला बरं म्हणून.
आठवड्यात माल निम्म्यावर.
"हिल्डा मला दिसत नव्हती ना!
ती डावीकडे झुकली की मी उजवीकडे,
तीस वर्षं. कुणी ठरवलं नव्हतं.
तिचा नवरा गेला त्या महिन्यात
माझेही चमचे परत आले."

मी हे कुठे टिपून घेतलं नाही.
पण जिना चढताना लक्षात आलं, मीसुद्धा
उंचीनंच लावलेत: खालच्या ऊर्जेचे इकडे,
वरच्या तिकडे,
आणि प्रत्येक जोडीच्या मधे अख्खी पंगत.
जोडीला जोडी शेजारी आणून बसवली. साडेतीनला
आकडा हलला.

फार नाही. अणू लांब ओढले
की वक्रात एक पायरी यायला हवी,
ती अजून धड येत नाही. सात महिने उरलेत.

सकाळी डोरीनच्या हातात माझी वाटी,
अंगठा काठावरच्या टिंबांवर.
"हे काय लिहिलंय?"
नाव. सौ. इंदुमती घैसास.
"तुझी कोण?"
कुणी नाही. कुठल्याशा मुंजीत बदलली गेली,
आमची त्यांच्याकडे असेल.
म्हणून तर नावं घालतात भांड्यांवर.

इलेक्ट्रॉनवर घालता येत नाही, मी म्हणाले.
दोघांची अदलाबदल केली तर कळतही नाही कुणाला,
फक्त हिशेबात एक चिन्ह उलटतं.

तिनं वाटी खिडकीपाशी नेली, तिरकी केली.
"पॉलिश बरं आहे," म्हणाली,
"आतून मात्र घाई केलीय कुणीतरी."